दुसऱ्याचा कागद

जगातली प्रत्येक वस्तू आधी मागून पाहायची असते, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा उमरेडच्या विणकर घरातले. हल्ली सरकारी केंद्रात पोरांना हातमाग शिकवतात. लुगडं हातात आलं की ते आधी उलटं करतात, कारण सुटलेले धागे तिथे दिसतात. इथवर ठीक आहे. पण मामा लग्नपत्रिका उलटी करून पाहतात, दवाखान्याचा रिपोर्ट उलटा करून पाहतात, आणि मी शुभांगीला मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी मला बस म्हणायच्या आधी माझ्याभोवती एक सावकाश चक्कर मारली होती. मग बहिणीला म्हणाले, "कॉलर मागून घासली हाय. पोरगं खोटं नाही."

त्या एका कॉलरवर मामांनी माझ्यावर जो विश्वास टाकला, तो मी पुढे काहीही लिहिलं तरी ढळला नाही. माझं बालपणच पत्रकांत गेलं. वडील कामगार संघटनेचं काम करायचे. आमच्याकडे पोहे पत्रकांवर खाल्ले जात आणि अक्षरओळखही मला त्यांवरूनच झाली. मोठा झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागलो. त्यांना वाचक फारसे नव्हते, मामा मात्र होते. शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या मागे, ते माझं पत्रक घडी घालून ठेवत आणि कटिंगच्या दुकानात, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, एकदा तर सावनेरला एका तेरवीच्या ऐन पंगतीत उभं राहून मोठ्याने वाचत. "आमच्या जावयानं लिवलं हाय," एवढी प्रस्तावना. शोकात बसलेल्या मंडळींनी त्या दिवशी बुंदीबरोबर खासगीकरणावरचे तीन परिच्छेद निमूटपणे गिळले.

त्यांचं सर्वांत लाडकं पत्रक होतं 'घर हा हक्क, हप्ता नव्हे'. कर्ज काढून घर घेणारा माणूस वीस वर्षं मान वर करत नाही, असं मी त्यात लिहिलं होतं, आणि शेवटी जाड अक्षरांत छापलं होतं, 'बँकांचे हप्ते नाकारा!' हे लिहिलं तेव्हा मी वडिलांच्या क्वार्टरमध्ये फुकट राहत होतो, ही गोष्ट पत्रकात नव्हती.

लग्नानंतर दोन वर्षांत आम्ही तीन घरं बदलली. आम्ही भिंतीला खिळा मारला म्हणून तिसऱ्या घरमालकाने अनामत कापली, तेव्हा शुभांगी म्हणाली, "तुझा हक्क येईल तेव्हा येईल. मले एक खिळा ठोकाले आपली भिंत पाहिजे." ती शाळेत शिकवते, तिच्याशी मी वाद घालत नाही. उमरेड रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला. बिल्डरचा माणूस हॉलमधलं झुंबर दाखवत होता, तेव्हा मामा दारामागे शिरून बिजागऱ्या चाचपत होते. मग ते खाली उतरले आणि तासभर गायब झाले. इमारतीच्या मागे जाऊन त्यांनी सांडपाण्याचे पाइप तपासले, चौकीदाराकडे चहा घेतला, पाणी किती वाजता येतं ते त्याच्या बायकोकडून काढून घेतलं आणि परत येऊन म्हणाले, "घेऊन टाका. मागून साफ हाय."

माझा छापखान्यातला पगार पाहून बँकेने जामीनदार मागितला. आम्ही विचारायच्या आधीच मामा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. अधिकारी सज्जन होता. अर्जात 'नोकरी व लेखन' वाचून त्याने सहज विचारलं, काय लिहिता? मी तोंड उघडेपर्यंत मामांनी चष्म्यामागून घडी काढून टेबलावर पसरली होती. "वाचून पाहा साहेब. असा मानूस कोनाचा पैसा बुडवत नाही."

साहेब वाचू लागला. मी ती जाड अक्षरं उलटीकडून वाचत होतो. शुभांगीने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता. वाचून झाल्यावर त्याने खालचं नाव पाहिलं, अर्जावरचं नाव पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय?"

मी म्हणालो, "नाही. नाव सारखं आहे. ते दुसरे कोणीतरी."

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद उचलला, पूर्वीच्याच घडीवर अंगठा फिरवून मिटला. "माहंच चुकलं साहेब. दुसऱ्याचा कागद घेऊन आलो." मग जामिनाचे कागद पुढे ओढले आणि साहेब बोट ठेवेल तिथे पूर्ण नावाने सही करत गेले. त्यांतला एकही कागद त्यांनी उलटा करून पाहिला नाही.

हो म्हटलं असतं तर घर गेलं असतं, शुभांगीचं काय झालं असतं, एका ओळीने कुठे क्रांती होते, अशी बरीच कारणं मी तयार केली आहेत. पत्रकात ती झकास दिसतील. मामांसमोर त्यांतलं एकही मला तोंडातून काढवलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

गृहप्रवेशाला मामा पहाटेच आले, स्वतः विणलेली जाड चादर घेऊन. दारांच्या मागे, ओट्याच्या खाली, सगळीकडे समाधानाने डोकावले. शुभांगीने पहिला खिळा ठोकला तेव्हा स्टूल त्यांनीच धरलं होतं. जेवणं झाल्यावर पाहुण्यांच्या देखत मी त्यांच्या हातात माझं नवं पत्रक दिलं आणि म्हणालो, वाचा ना मामा. त्यांनी ते उलटं केलं, कोऱ्या बाजूवरून हात फिरवला आणि जपून नव्या कपाटावर ठेवलं.

"चष्मा नाही आनला, जावईबापू."

चष्मा खिशातच होता. त्याच्या मागे काही नव्हतं.

मामा अजूनही दर रविवारी येतात, येताना भिवापूरची मिरची आणतात, शुभांगीला हसवतात, माझ्या पुढ्यात आग्रहाने वाढतात. ते आले की मी भिंतीला पाठ टेकून बसतो आणि ते जाईपर्यंत उठत नाही. भिंत आता आपली आहे.