अव्याचं गुप्त मतदान

अव्याला जाऊन आज वर्ष झालं आणि माझा त्याच्यावरचा राग काही जात नाही.

सकाळपासून त्याच्या फोटोखाली 'व्हिजनरी', 'काळाच्या पुढचा माणूस' असं वाचतेय.
लिहा बापड्यांनो. पण लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच्या वाडीत पाऊल ठेवलंय, याची मला शंका आहे.

शंका घेणं हा माझा धंदाच. महाडच्या कोर्टात वकिली करते मी.

अविनाश आणि मी महाडच्या कॉलेजात एका वर्गात होतो. पुढे तो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये गेला, आणि एक दिवस सगळं सोडून पोलादपूरच्या डोंगरातल्या आपल्या वाडीत परत आला.

"तू नक्की कुठल्या पक्षाचा रे?" मी एकदा विचारलं.

"टेक्नो-लिबरल." वर कॉलर ताठ.

म्हणजे काय, तर प्रत्येक माणूस मोकळा हवा, आणि त्याला मोकळं करणार तंत्रज्ञान. मोर्चा नको, कोर्ट नको. हातात नीट साधन दिलं की माणूस आपोआप स्वतःच्या डोक्याने वागतो.

"आणि त्या साधनाची किल्ली कोणाकडे?"

"वकीलसाहेब, तुम्ही देवळात गेलात तरी आधी देवाचं वकीलपत्र मागाल."

हसलो दोघंही. पण त्याला हे सगळं हवं होतं ते एका माणसासाठी. सुलोचनाकाकी, त्याची चुलती. आई लहानपणीच गेली, याला वाढवलं काकीने.

काकीच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं. काकीने मुलीला दार बंद केलं नाही. म्हणून गावकीच्या पंचांनी काकीला वाळीत टाकलं.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगते. वाळीत म्हणजे तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिच्या शेतावर कोणी जायचं नाही. शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते, ती तिच्या दारावरून सरळ पुढे.

दर मार्चमध्ये आपण चवदार तळ्यावर भाषणं ऐकतो. तिथून गाडीने फार लांब नाही हे.

"तक्रार कर. कायदा आहे," मी म्हणाले.

"पोलिसांना घाबरून दार उघडतील गं. मला मनापासून उघडलेलं हवंय. एकेकट्याला विचार, कोणीच काकीच्या विरोधात नाही. पंचांसमोर बोलायची भीती, एवढंच. मत गुप्त केलं की झालं."

खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर पटलं.

त्याने ॲप बनवलं. शिमग्याला मुंबईकर गावात आले, गावकी बसली. मलाही मुद्दाम बोलावलं होतं. प्रश्न एकच, काकीला परत घ्यायचं की नाही.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे कोनी काय दाबलान ता कोनाला कळनार नाय?"

"देवालाही नाही, आबा."

गावकार म्हणजे पंचांचा म्होरक्या. तो लगेच हो म्हणाला. इतक्या सहज कोणी आपली सत्ता सोडतं का?

अव्याने सगळ्या चाचण्या आपल्या घरच्या वायफायवर घेतल्या होत्या. वाडीत मोबाईलला रेंज येते ती एकाच ठिकाणी. देवळापुढच्या सहाणेजवळ, जिथे पालखी टेकवतात.

आणि गावकीला सहाणेजवळ बसतं कोण?

पंच.

एकेक माणूस पंचांच्या पुढ्यात येऊन, फोन वर धरून, रेंज शोधून मत देत होता. गावकार तिकडे बघतसुद्धा नव्हता. गरजच नव्हती.
आबांनी तर फोनच त्याच्या हातात दिला. "दादा, चष्मा नाय आनला. तुमीच दाबा."

काकी हरली. सपशेल.

गावकाराने निकालाचा स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर टाकला. "आता आमाला बोल लावायचा नाय. गावानं ठरवलान, तुज्याच मशीनवर."

आधी तो चार पंचांचा अन्याय होता. अव्याने त्याला बहुमत मिळवून दिलं.

संध्याकाळी मला म्हणतो, "सिस्टीम बरोबर आहे गं. रेंजचा प्रॉब्लेम झाला. टॉवर येऊ दे, परत मत घेऊ."

टॉवर आला नाही. त्याचं हृदयच आधी थांबलं, महाडला आणता आणता.

मयताला काकी आली नाही. आपल्याच दारात उभी होती, पदर तोंडात धरून. मी हाताला धरलं तर म्हणाली, "मी आले तर मानसं उठून जातील गो. पोराला खांदा कोन देल?"

यंदाच्या शिमग्यालाही पालखी पुढे गेली.

आज सकाळी तक्रार लिहून काकीकडे गेले. तिने फक्त सही करायची होती.

"ह्यात अविनाशचा नाव येल?"

"येणार, काकी. मत त्यानेच घेतलं. पुरावाच तो आहे."

"मग नको. माज्यासाठी केलान त्यानं. आनि मीच त्याला कोर्टात उभा करू?"

मी कागद पिशवीत ठेवला. ती चूल फुंकत म्हणाली, "च्या घेऊन जा. कोन येत नाय, दूध उरता."

अव्या, माणूस मोकळा करायला निघाला होतास ना? तुझ्या नावाला डाग नको म्हणून ती बाई वाळीत बसून राहिलीय.

मी उद्या परत जाणार आहे. परवाही. सही मिळेपर्यंत.
मग तुझं नाव कोर्टात येईल आणि हे फोटोखालचे मित्र मला शिव्या घालतील. घालू देत. तुझं नाव सोसेल रे, काकीचं वय सोसणार नाही.

भावपूर्ण वगैरे मला जमत नाही.
रागासकट श्रद्धांजली, अव्या.