होडी लागणाऱ्या दामूचा बाण

आमच्या नवापूरच्या किनाऱ्यावर कुणाची होडी कुणी बांधली हे विचारावं लागत नसे. जी पाण्यात उतरली की पाटावर बसलेल्या म्हातारीसारखी ऐसपैस बसे, ती दामू तऱ्याची. लाकूड त्याच्या हातात आलं की मऊ व्हायचं. पण गंमत ऐका. होड्या बांधणारा हा माणूस स्वतः होडीत बसला की लाटा फुटतात तिथवरसुद्धा टिकत नसे. पोटातलं सगळं बाहेर! दर्यावर जगणाऱ्या गावात जन्मलेला आणि त्याला होडी लागते! पोरीबाळी त्याच्यासमोर पोट धरून ओकायची नक्कल करत. दामू हसायचा. आतून काय वाटत असेल ते त्याचं त्याला ठाऊक. होडी पाण्यात ढकलली, नारळ फोडला की तो किनाऱ्यावर उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राही.

त्रेसष्ट सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. त्याच्या मांडवात, लाकडाच्या भुशात बसून मी पेपर मोठ्याने वाचत होतो. सातवी पास झाल्यापासून गावाला पेपर वाचून दाखवणं माझ्याकडेच होतं. दक्षिणेत केरळच्या किनाऱ्यावरून मोठा अग्निबाण आभाळात सोडला, अशी बातमी होती. जागा कुठली, तर एक मच्छीमारांचं गाव.

दामूचा रंधा थांबला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"मच्छीमारांचं गाव? तिकडं पन बोंबील सुकवतात?"

"बोंबील नसतील रे. पण मासे असतीलच."

"मंग आपल्या गावातनं का जाऊ नये?" असं म्हणून त्याने रंधा खाली ठेवला. तो त्या दिवशी पुन्हा काही उचलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, दिवाळीचा बाण तर कुणीही उडवतो. दामूचा बाण तसला नव्हे. उभा केला तर त्याच्या खांद्याला लागायचा. वल्ह्याचा दांडा घ्यायचा, त्यावर जुने पेपर चिंचोक्याच्या खळीने थरावर थर गुंडाळायचे, वाळले की दांडा ओढून काढायचा. झाली नळी. वरून होडीला लावतात ती राळ. टोपी पांगाऱ्याची, म्हणजे जाळ्याला तरंगायला लावतात त्या हलक्या लाकडाची. शेपटीला चहाच्या खोक्याच्या फळीचे पंख. त्यांना तो सुकाणूच म्हणायचा. दारूकाम मात्र पालघरच्या परवानेवाल्या आतषबाजाकडून भरून आणायचा. माझे पेपर वाचून होण्याआधीच नळीत जायचे, ते वेगळंच.

आणि बुडाशी नीरम. होडी कलंडू नये म्हणून तिच्या तळाला धोंडे ठेवतात ना, तो नीरम. दामू जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या बाणाच्या बुडाशी बसवायचा. होडीवाल्याचं डोकं! जड ते खाली, मग वरचं सरळ राहतं. यात चुकलं काय?

पण बाण वर जायचा, ताडाएवढा जाऊन डोकं हरवल्यासारखा गरागरा फिरायचा आणि भलतीकडे पडायचा. एक विहिरीत पडला. दामू म्हणाला, "नीरम कमी पडला." पुढच्याला शिसं वाढवलं. तो ताडीच्या मडक्यात घुसला. "अजून कमी पडला." असे दोन-तीन हिवाळे गेले. मग एकाने तर आभाळात कोलांटी मारली आणि आग ओकत सरळ रखमाबाईच्या बोंबलांच्या वलांडीखाली शिरला. बांबूंच्या त्या मांडवावर तिचा सगळा हंगाम टांगलेला. एक बाजू पेटली. माणसांनी ओली वाळू टाकून विझवली, पण भाजक्या बोंबलांचा वास गावभर सुटला आणि कुत्र्यांची दिवाळी झाली.

रखमाबाई विधवा बाई, तोंडाची तिखट. कोयता घेऊनच दामूच्या मांडवात आली.

"मेल्या, दर्यात जायची छाती नाय तर नाय! आभाळात कशाला बोटं घालतोस? माजे बोंबील तुला काय बोलले?"

"भरून देतो, रखमाबाय."

"बोंबील देशील. उद्या माझं घर पेटवशील, ते कुटनं देशील?"

संध्याकाळी गोमा पाटलांनी चार माणसं बसवली. रखमाबाईचं खोटं नव्हतं, हे दामूनेही कबूल केलं. पाटील सुकाणूवर आयुष्य काढलेला म्हातारा, तोडून बोलणारा नव्हे. म्हणाला, "एक संधी देतो दामू. एकच. तो गावात पडला, तर देवीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घ्यायची. पुन्हा बाणाला हात लावायचा नाय. कबूल?"

दामूने मान हलवली.

त्या शेवटच्या बाणावर त्याने जीव ओतला. आणि बुडाशी बसवायला शिशाचा चांगला नारळाएवढा गोळा करून ठेवला. तेवढ्यात जिवल्या आला. हा डोंगराकडचा वारली, दामूला बांबू आणून द्यायचा, खांद्यावर तीरकमठा कायम. बांबू उतरवून तो बाणाकडे बघत बसला. मग फिसकन हसला.

"दात काय काढतोस?" दामू आधीच चिडलेला.

"तुजा तीर उलटा हाय, दादा."

"हा तीर नाय."

"जातो तर तसाच. बघ." जिवल्याने भात्यातला एक तीर काढला. पुढे लोखंडाचं पातं, मागे पिसं. तो त्याने मुद्दाम शेपटी पुढे करून आभाळात भिरकावला. तीर वर जाता जाता गर्रकन वळला आणि पातं पुढे करूनच वाळूत रुतला. पुन्हा फेकला, पुन्हा तेच.

दामूने तो तीर उपटला. बोटावर तोलून पाहिला. मग स्वतः फेकला. जिवल्या बिडी ओढून, चहा पिऊन डोंगराकडे निघून गेला, तरी हा आपला तीर फेकतोय आणि आणतोय.

शेवटी माझ्याजवळ येऊन बसला. "अरे, मला समजलंय. पन हात ऐकत नाय. जलम गेला खाली वजन ठेवण्यात."

दुसऱ्या दिवशी शिसं पांगाऱ्याच्या टोपीत गेलं. ते सुद्धा थोडंच. गावात बातमी फुटली. टोपलीत मासळी भरता भरता बायका खिदळल्या, "ऐकलंस काशीबाय? तुझ्या नवऱ्यानं डोक्यात नीरम भरलाय!"

"त्याच्याच डोक्यात भरायला हवा व्हता," काशीबाई म्हणाली. पण त्याच दुपारी तिने पेटीतून आपलं लाल लुगडं काढलं आणि त्याच्यापुढे टाकलं. बाण वर जाऊन टोपी उडाली की छत्री उघडून तो हळू खाली यावा, म्हणून दामू कित्येक दिवस कापड मागत होता.

"हे तर चांगलं हाय," तो म्हणाला.

"फाटक्याची छत्री व्हते काय? घे गप."

बाण सोडायच्या दिवशी सकाळी ओहोटीला अख्खं गाव वाळूवर. बाणाचा नेम सरळ राहावा म्हणून पहार रोवली होती. जमिनीकडून दर्याकडे जाणारा मतलई वारा हळू वाहत होता. रखमाबाई मात्र किनाऱ्यावर आलीच नाही. ती आपल्या वलांडीपुढे दोन्ही हात पसरून उभी, जणू बाणाला अंगावर झेलणार.

लांब बांबूच्या टोकाला जळतं फडकं बांधून दामूने बत्ती दिली. फुस्स झालं. मग असा आवाज, की बगळ्यांचे थवेच्या थवे उठले. बाण वर गेला. गरगरला नाही, वळवळला नाही, रेघ ओढावी तसा गेला! माणसं ओरडली. पण लगेच सगळ्यांचे आवाज बसले. कारण बाण वाऱ्याला तोंड देऊन कलायला लागला. वारा येत होता गावाकडून. बाण चालला गावाकडे.

"दामू, घे आता शपथ!" कुणीतरी ओरडलं. रखमाबाईच्या शिव्या इथपर्यंत ऐकू येत होत्या. दामूचा चेहरा पाहवेना. बत्तीचा बांबू अजून त्याच्या हातात जळत होता.

आणि घरांच्या पार वर, आभाळात लाल ठिपका उमटला. लुगडं उघडलं. मतलईने ते धरलं आणि सावकाश, मिरवणूक यावी तसं, घरांवरून, वलांडीवरून, रखमाबाईच्या पसरलेल्या हातांवरून, आमच्या डोक्यांवरून दर्याकडे नेलं. म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढल्या, कशाला ते त्यांनाही माहीत नसेल. लाटांच्या पलीकडे बाण पाण्यात टेकला.

"कुटं पडला?" गोमा पाटलांनी विचारलं, जसं काही पाहिलंच नव्हतं.

"दर्यात!" गाव ओरडलं.

"मंग झालं."

पण दामू तिथे होताच कुठे? त्याने सरळ एक होडी ढकलली आणि आत उडी मारली. "माजा बाण वाहून जाईल! चल, वल्हं घे!" मी मारलं वल्हं. लाटा ओलांडायच्या आतच तो काठावर वाकला. ओकला, तोंड पुसलं, "उजवीकडं घे" म्हणाला, पुन्हा ओकला. बाण हाती लागला तेव्हा त्याचा चेहरा हिरवागार झाला होता आणि दात सगळे दिसत होते.

परत आलो तर रखमाबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"पुढल्या वेळेला आदल्या रोजी सांग," ती म्हणाली. "वलांडी उतरवून ठेवीन. दर टायमाला हात पसरून उभी नाय राहनार मी."

त्यानंतर दर हिवाळ्यात बाण उडायचा. होडीत दामूने एरवी कधीच पाय ठेवला नाही. पण बाण दर्यात पडला, की वल्हं कुणी का मारेना, आणायला तोच जायचा. आणि काशीबाई किनाऱ्यावर तांब्याभर पाणी आणि लिंबाची फोड घेऊन उभी असायची.