आकारामचे दोन दगड

कोडोलीच्या आकारामला बसायची भारी हौस. कुठल्या कट्ट्यावर कधी सावली येते, हे त्याला तोंडपाठ. बायको चिमणाबाई म्हणायची, "ह्यास्नी म्हशीनं लाथ घातली तरी आधी टेकायला जागा बघतील."

असा माणूस साठीत कामाला लागला. कोल्हापूरच्या संयोगिता मॅडम ओढ्याकाठच्या पांढरीच्या टेकाडात गाडलं गेलेलं जुनं गाव खणत होत्या. तिथं ब्रशानं माती झाडायची, तीही बसून! आकाराम गावभर सांगत सुटला, "आमचं संशोधन चाललंय."

घोटाळा एवढाच, की चहाच्या वेळी तो नेमका सापडलेल्या दगडावर टेकायचा. तिसऱ्यांदा मॅडम कडाडल्या, "मामा, अवशेषांवर परत बसलेले दिसलात तर उद्यापासून येऊ नका!" आकाराम टुणकन उठला. काम गेलं तर चिमणाबाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी एका चिंचोळ्या बोळात समोरासमोरच्या दोन दारांशी एकेक दगड निघाला. मॅडमनी वहीत लिहिलं, 'खांबांखालचे तळखडे'. आकारामनं ब्रश फिरवला. दोन्ही दगड मधोमध गुळगुळीत, जरासे खोलगट, किंचित तिरके. त्याला राहवेना.

"म्याडम, खांब न्हवं. माणसं बसल्यात ह्यावर."

"कशावरून?"

आता आली का पंचाईत! बसल्याबिगर सांगता येईना, आणि बसावं तर काम जातंय. आकाराम दगडाला हात जोडून टेकला. तोंड आपसूक समोरच्या दाराकडं वळलं.

"तुमी बसा की समोर."

इकडंतिकडं बघून मॅडमही टेकल्या. दोघांच्या गुडघ्यांत चार बोटांचं अंतर.

"जेवलासा काय?" आकाराम कुजबुजला. "बघा, ओरडायला लागत न्हाय."

मॅडम हसल्या. "आणि शेजाऱ्यांचं भांडण झालं तर?"

"तर दगूड फिरवला असता की! ह्यो जाग्यावरनं हाललेलाच न्हाय. बसून बसून झिजलाय."

मॅडम बराच वेळ उठल्या नाहीत. मग वही उघडून त्यांनी 'तळखडे' खोडलं आणि म्हणाल्या, "मामा, उद्या लवकर या. सगळ्या दारांशी शोधायचंय. आता हलू नका, फोटो काढायचाय."

तेवढ्यात चिमणाबाई भाकरी घेऊन आली. मॅडमनी उठून तिला समोरच्या दगडावर बसवलं.

"अवं, हितं बी बसायचाच रोजगार व्हय?"

"हालू नगंस. शास्त्र चाललंय."

पण समोर माणूस आणि गुडघ्याला गुडघा म्हटल्यावर चिमणाबाई गप्प बसते होय? तिनं शेजारच्या बायडाबाईच्या म्हशीची कथा लावली. आकाराम मान डोलवू लागला.

फोटोत तिचं तोंड उघडंच आलं. मॅडमनी तोच ठेवला.