आता केंद्र तुमचंच आहे

आमच्या अभ्यासकेंद्रात रविवारी चहाला तीन माणसं जमली, की चौथा येईपर्यंत एक किस्सा तयार असतो. पूर्वी मी ऐकून हसायचे. हल्ली ऐकते आणि कानशिलं तापतात. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली तेव्हा म्हणाले, "मॅडम, मनात साठवू नका, बोलून टाका." म्हणून बोलून टाकते. वैद्यकीय सल्ला आहे असं समजा.

आधी ओळख. लांबच्या एका विद्यापीठाने, ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटलं अशांसाठी रत्नागिरीत बी.ए.चे रविवारचे वर्ग सुरू केले होते. मांडवीतल्या एका शाळेच्या दोन खोल्या, एक पगारी कोऑर्डिनेटर, एक शिपाई. मी हायस्कूलातून रिटायर झालेली, तिथे फुकट इंग्रजी शिकवायचे. येणाऱ्या सगळ्या बायाच. कोणाचा नवरा बोटीवर, कोणाचा मुंबईत. त्यातली सुनंदा लांज्याच्या आतल्या गावातली अंगणवाडी सेविका. पदवी मिळाली तर तिला मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसता येणार होतं. पण त्याला वयाची अट आहे, आणि सुनंदाच्या हातात ते एकच वर्ष उरलं होतं. पुढचं सगळं ऐकताना ही सुनंदा तेवढी डोळ्यांसमोर ठेवा.

*

एका रविवारी विद्यापीठातून या योजनेचे संचालक आले. आम्ही त्यांना नुसतं 'साहेब' म्हणतो. त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. मधोमध एक वर्तुळ, त्याच्याभोवती हात धरून उभी असलेली माणसं. म्हणाले, "आजपासून हा प्रोग्रॅम व्हॉलंटिअर-लेड. म्हणजे स्वयंसेवक चालवणार. तुम्ही आता लाभार्थी नाही, तुम्ही ओनर आहात!"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आता खोटं कशाला बोलू?

मग हळूहळू उलगडलं. कोऑर्डिनेटरचा पगार बंद. शिपाई बंद. विजेचं बिल ओनरने भरायचं. साहेब जाताना आपुलकीने म्हणाले, "मी मूळचा इकडचाच हो, गुहागर साइडचा. आता काही टच राहिला नाही, पण इमोशन आहे."

आमचे इक्बालभाई मर्चंट नेव्हीत जन्म काढलेले, केंद्रात भूगोल शिकवतात. त्यांनी साहेबांची गाडी वळणाआड जाऊ दिली. मग म्हणाले, "मॅडम, जहाजावरनं कप्तान पहिला उतरला, तर आमच्यात त्याला हँडिंग ओव्हर म्हणत नाहीत."

*

पुढच्याच रविवारी शाळेच्या दारात टेम्पो उभा. विद्यापीठाची मालमत्ता परत न्यायची होती. प्रोजेक्टर, दोन पंखे, लोखंडी कपाट, आणि फळासुद्धा! फळ्याच्या मागे भिंतीचा जुना रंग उघडा पडला, तो अजून तसाच आहे.

टेम्पोबरोबर ऑफिसातला एक तरुण आला होता. टापटीप, हातात मोबाइल. मी विचारलं, "कपाट जड आहे. हमाल कुठे आहेत?"

तो म्हणाला, "हमाल नाही आणले. साहेब बोलले, तिथे स्वयंसेवक आहेत, ते उचलू लागतील."

आणि आम्ही उचललं! एका बाजूला इक्बालभाई, दुसऱ्या बाजूला सुनंदा आणि मी. आपलंच कपाट आपल्याच हाताने दुसऱ्याच्या टेम्पोत चढवलं. तो मुलगा फोटो काढत होता. मला वाटलं, सामान पोचल्याचा पुरावा म्हणून काढत असेल. या फोटोकडे आपण परत येणार आहोत.

*

आता सगळा दोष त्यांनाच देत नाही. आम्हीही काही कमी नाही.

केंद्र चालवायला आम्ही एक समिती केली. तिची पहिली बैठक भरली. विषय एकच, वर्ग चालू कसे ठेवायचे. पण आधी दारावर लावायच्या पाटीवर समितीची नावं कुठल्या क्रमाने लिहायची यावरून सुरुवात झाली. एक म्हणाले, वयाप्रमाणे. दुसऱ्या बाई म्हणाल्या, शिक्षणाप्रमाणे. तिसऱ्यांचं म्हणणं, केंद्र सुरू झालं तेव्हा पहिला हार त्यांनी घातला होता, तेव्हा मान त्यांचा. चहा दोनदा झाला. एक जण रागावून निघून गेले आणि विसरलेली छत्री न्यायला परत आले.

भाऊ कोपऱ्यात बसून होते. हे देवरूखकडच्या एका गावातले. नोकरीभर मुंबईत राहून आता गावी परतलेले. त्यांची सून आमच्याकडे शिकते, तिला पोचवायला यायचे ते समितीतच अडकले. गावात त्यांना मोठा मान आहे. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते भाऊंनीच.

सगळे दमल्यावर भाऊ म्हणाले, "पालखीला खांदा देन्यावरनं भांडतात, ता आमाला समाजतंय. पन हतं पालखीच न्हेल्यानी की वो! मोकल्या खांद्यांवरनं काय भांडताव?"

पाटी आजपर्यंत लावलेली नाही. नावंही ठरलेली नाहीत. वर्ग मात्र पुढच्या रविवारी भरला. शाळेच्या हेडमास्तरांनी आपल्या ऑफिसातला फळा दिला.

*

मग आलं ट्रेनिंग. विद्यापीठाने आम्हाला प्रशासन शिकवायचं ठरवलं, ऑनलाइन. एका कन्सल्टंट बाईंनी छान गोड आवाजात विचारलं, "तुमच्यातलं पॅशन तुम्ही कसं सस्टेन कराल?"

तेवढ्यात सुनंदाचा आवाज आला. तिच्या गावात रेंज नाही, ती सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर चढून, कातळावर उन्हात बसून जॉइन झाली होती. मागे वारा घोंघावत होता. ती म्हणाली, "मॅडम, आमची शेवटच्या वर्षाची परीक्षा कुठे हाय?"

बाई म्हणाल्या, "ग्रेट क्वेश्चन!" आणि तिला म्यूट केलं.

पुढे पॅशनवर अर्धा तास झाला. सुनंदाचा हात स्क्रीनवर वरच होता. शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेटं आली, सुनंदाला नाही. कारण काय, तर तिचा कॅमेरा बंद होता, म्हणजे सहभाग दिसला नाही. भर उन्हात सड्यावर बसलेली बाई त्यांना दिसली नाही, आणि आम्ही घरी पंख्याखाली पेंगत होतो ते दिसलो. राग येऊ नये तर काय व्हावं?

*

सुनंदाच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आपोआप आलं. रत्नागिरीचं परीक्षाकेंद्र बंद. परीक्षा विद्यापीठाच्या शहरात जाऊन द्यायची. आठ दिवस, राहायची सोय ज्याची त्याने करायची.

मी तडक त्यांच्या ऑफिसला फोन लावला. टेम्पोबरोबर आलेलाच मुलगा होता. म्हणाला, "मॅडम, केंद्र आता स्वयंसेवकांकडे आहे ना, मग प्रश्नपत्रिकांची सिक्युरिटी कोण घेणार?"

"म्हणजे केंद्र आमच्यावर सोपवलंत, आणि आता आमच्यावर विश्वास नाही?"

"तसं नाही मॅडम. पॉलिसी मॅटर आहे."

"बरं. फी आम्ही ठरवायची?"

"पॉलिसी मॅटर."

"शिक्षक?"

"तुम्ही नावं पाठवा, आम्ही ॲप्रूव्ह करू."

"मग बाळा, आम्ही नक्की चालवायचं तरी काय?"

बिचारा प्रामाणिक होता. त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "साहेब व्हिजिटला येतील ना, त्यांचं स्वागत कसं करायचं ते पूर्ण तुमच्यावर. त्यात आम्ही अजिबात इंटरफिअर करणार नाही."

मी फोन ठेवला आणि गार पाणी प्यायले. सुनंदाला सांगायचं काम माझ्याकडेच होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, अंगणवाडीला रजा नाही. म्हणाली, "मग ऱ्हायलं मॅडम. पुस्तकं तुमची हायत, पुढच्या वेळी आणून देते." ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने उलट मलाच चहा आणून दिला. त्या दिवशी मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही आणि मला तो उतरवायचाही नाही.

*

फोटोचं राहिलं.

विद्यापीठाने एक गुळगुळीत पुस्तिका छापली. साहेब कुठल्या तरी परिषदेत भाषण करून आले होते, विषय 'रत्नागिरी मॉडेल'. पुस्तिका आमच्याकडे पोस्टाने आली. मुखपृष्ठावर आम्ही! इक्बालभाई, सुनंदा आणि मी, कपाट उचलताना. टेम्पो कापून टाकलेला. कपाट आत चाललंय की बाहेर, कळायला मार्गच नाही. खाली मोठ्या अक्षरात, 'लोकांनी जबाबदारी आपल्या खांद्यावर घेतली.'

इक्बालभाईंनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. "मॅडम," ते म्हणाले, "फोटोत आपण कपाट खाली ठेवतोय असं कुठेच वाटत नाही, बघा. तेवढं मात्र खरं आलंय."

*

आणि मग साहेब व्हिजिटला आले. बरोबर दोन पाहुणे, त्यांना 'मॉडेल' दाखवायचं होतं.

स्वागत पूर्ण आमच्यावर होतं. भाऊ म्हणाले, "ता माझ्याकडे द्या." आम्ही दिलं. नाहीतरी दुसरं होतं काय आमच्याकडे द्यायला?

केंद्रातली सगळी मंडळी जमली होती. सुनंदाही आली होती, कापडी पिशवीत पुस्तकं घेऊन. पिशवी तिने टेबलावर ठेवली. साहेब आले. शाल नाही, गुच्छ नाही. टेबलावर पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ. साहेब पाहुण्यांना कौतुकाने म्हणाले, "लोकल कल्चर."

भाऊ टोपी सारखी करून पुढे उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले, म्हणून साहेबांनीही जोडले. इक्बालभाई बाजूला अदबीने उभे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा असतो. लहानपणापासून कानांवर असतं, शिकवावं लागत नाही.

भाऊंचा आवाज लागला. "बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां तुझ्यासमोर हात जोडून उभी हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी एक नवा आवाज आला. जाड, पोटातून निघालेला. मी हळूच मान वळवली. साहेब! डोळे मिटलेले, मान खाली, गुहागरातल्या कुठल्या तरी देवळात उभे असावेत तसे.

"ह्यांचं पंखं गेलं, कपाट गेलां, त्येचा आमचा काय म्हननां नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पन ह्या पोरींची परीक्षा हतनं उचलून न्हेल्यानी हाय. ती हतल्या हतं परत आनून दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांचा आवाज आता सगळ्यांच्या वर होता.

"ज्येच्या हातात ह्या काम हाय, तो तुझ्यासमोर उभा हाय. ह्याच वर्षी त्येच्या हातनं ह्या काम करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि दिल्या शब्दाला जो कोन मागं फिरंल, त्येला तुझ्या दारात जाब द्यायला उभा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. पहिल्याच घावात, सरळ दोन भकलं. साहेबांनी डोळे उघडले. पाहुणे टाळ्या वाजवत होते. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं, पण रंग गेला होता. खोबऱ्याचा तुकडा त्यांनी खाल्ला नाही, रुमालात बांधून खिशात ठेवला. मॉडेल न दाखवताच ते निघाले.

आम्ही खुर्च्या आवरत होतो. गाडी हायवेवर हातखंब्याला पोचली असेल नसेल, तोच माझा फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"मॅडम, मघाशी ते... म्हणजे मी त्या अर्थाने नव्हतो म्हणालो. लहानपणची सवय, तोंडातून निघून गेलं. जरा भाऊंना विचारता का? असं गाऱ्हाणं परत घेता येतं का हो?"

सुनंदाने टेबलावरची पुस्तकांची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

भाऊ खोबरं चघळत होते. ते त्यांनी सावकाश गिळलं आणि फोनकडे वाकून म्हणाले, "येतंय की सायेब. ह्यो नारळ तेवढा जोडून द्या."