काशिनाथबुवांची राहिलेली बारी

काशिनाथ आखातातल्या शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये सुतारकाम करायचा, पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो काशिनाथबुवा असे. खोलीत पेटी निघायची, आजूबाजूची कोकणी पोरं भजनाला दाटीवाटीने बसायची. चौऱ्याण्णव साली बाळा त्याच खोलीत राहायला आला आणि बुवांच्या राज्याला उतरती कळा लागली.

बाळा गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढी. तिथे दिवसभर अमेरिकन फौजेचा रेडिओ चाले. त्यावरची कंट्री रॉक गाणी ऐकून ऐकून त्याने एक जुनी गिटार घेतली आणि त्याच ढंगात मालवणीत स्वतःची गाणी रचली. होडीवर, आईवर, लाल पिकप गाडीवर. वर्षभरात भजनाला चार टाळकी उरली. बनेद अल-गार वस्तीत राहणारे पुण्या-मुंबईचे इंजिनिअरसुद्धा बाळाला खैरानच्या किनाऱ्यावर पिकनिकला नेऊ लागले. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी त्यांची मुलं त्याचं 'पिकप' हे गाणं मालवणीत म्हणत. काशिनाथच्या अंगाचा तिळपापड होई. त्यात मेल्याचा स्वभाव असा गोड, की धड भांडताही येत नसे.

शेवटी त्याने बाळाला डबलबारीचं आव्हान दिलं. म्हणजे दोन बुवा समोरासमोर. एकाने गाण्यातून टोमणा मारायचा आणि थांबायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच तो परतवायचा. चार लोकांसमोर एकदा त्याला हरवायचं, एवढंच काशिनाथला हवं होतं. बाळा दरवेळी हसून म्हणे, "बुवानू, तुमच्या फुडे मी खय बसतलंय?" काशिनाथला त्यात माज दिसे.

दोन हजार चार साली काम करता करता छातीत कळ आली आणि बाळा गेला. त्याला विमानाने गावी पाठवलं. पुढच्या शुक्रवारी इंजिनिअर गुरुप्रसादच्या फ्लॅटवर शोकसभा भरली, जिन्यापर्यंत माणसं. आपण मेलो तर यातले किती येतील, हेच काशिनाथच्या मनात आधी आलं. गुरुप्रसादची बायको लीना डोळे पुसत म्हणाली, "'पिकप' त्याला आमच्या खैरानच्या पिकनिकला सुचलं."

"नहीं भाभी, गॅरेज में," बाळासोबत काम करणारा फारूक म्हणाला.

काशिनाथ आतल्या आत जळत होता. 'पिकप' बाळाने काशिनाथच्या खाटेवर बसून रचलं होतं, त्याच्याच पेटीवर सूर लावून. पण त्याला विचारतो कोण?

"बुवा, एखादं भजन म्हणा," गुरुप्रसाद म्हणाला.

काशिनाथने पेटी पुढे ओढली. भजनाऐवजी बाहेर पडला तो इतकी वर्षं घोळवून ठेवलेला टोमणा:

"गिटार गोऱ्याची, चाल रेडिओची,
बाळा, ह्यात तुझा काय रे, तुझा काय?"

लोक कुजबुजू लागले. कुणीतरी रागाने उठलंसुद्धा. काशिनाथ मात्र बारीच्या रिवाजाप्रमाणे भात्यावरचा हात काढून थांबला. समोर हार घातलेला फोटो होता. आता याला कधीच हरवता येणार नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

"बुवा, पुढे?" लीनाने हळूच विचारलं.

"फुडचा बाळान म्हणूचा आसा," काशिनाथ म्हणाला, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडू लागला.