सांगाड्याचे उलटे पंजे

बोलोन्याच्या शरीररचना विभागात झाइरा बोंदाव्हाल्ली हाडं सांभाळत असे. ती साफ करायची, तारेत ओवायची, सांगाडे उभे करायची. बाई तोंडाची फटकळ. पोरं तिला समोर झाइराबाई म्हणत आणि पाठीमागे नाही नाही ते. तिला त्याची फिकीर नव्हती. "माझ्या हातून एक हाड कधी चुकीच्या जागी गेलं नाही," हे मात्र ती भेटेल त्याला ऐकवी.

तिच्या चौकात समोरच आर्जिया राहायची. नवऱ्यासोबत कोथळा-आतडी विकायचं दुकान चालवायची. चौकावरून आडव्या बांधलेल्या दोरीवरच्या तिच्या ओल्या कपड्यांचं पाणी झाइराच्या खिडकीवर टपकायचं. त्यावरून दोघींचं इतकं वाजलं होतं, की वर्षानुवर्षं एकीनं दुसरीला शिवीखेरीज शब्द ऐकवला नव्हता. आर्जियाची मुलगी इल्दे डॉक्टरकी शिकत होती आणि शरीररचनेत दोनदा नापास झाली होती. आता पडली तर बाप तिला दुकानात आतडी धुवायला बसवणार, हे साऱ्या चौकाला ठाऊक होतं.

परीक्षा तोंडी, आणि कुणीही येऊन ऐकावी अशी. झाइरा चांगला कोट घालून पुढच्याच बाकावर बसली.

"बघायला आलात, झाइराबाई?" शेजारच्या पोरानं विचारलं.

"आतडीवालीच्या पोरीला आतडी तरी येतात का, ते बघते."

प्राध्यापक गार्दिनींनी सुरुवात सोपी केली. शरीर कसं रचलंय? इल्देनं भराभर सांगितलं: पेशींच्या ऊती, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था. वर्णन करताना शरीर कसं धरायचं? ताठ उभं, तळवे समोर, अंगठे बाहेरच्या बाजूला. डावं-उजवं त्या शरीराचं, बघणाऱ्याचं नव्हे.

"आता सांगाड्याचा उजवा हात. खांद्यापासून सांग."

इल्दे दंडावरून कोपरावर आली, कोपराखालच्या दोन हाडांवरून मनगटाशी पोचली आणि अडली.

"हं?"

"प्रोफेसर, हात उजवा आहे. पण पंजा डावा आहे."

सभागृह खदखदलं. सगळ्यांत मोठ्यानं झाइरा हसली.

"तिसऱ्यांदा येऊनही डावं-उजवं कळेना?" वर न बघता गार्दिनींनी लेखणी उचलली. इल्दे पांढरीफटक पडली, पण तिनं मनगटावरचं बोट काढलं नाही.

त्या बोटाकडे बघता बघता झाइराचं हसू विरलं. तळवे समोर होते आणि दोन्ही अंगठे आत, मांड्यांकडे. गेल्या आठवड्यात तिनं पंजे धुऊन परत अडकवले, तेव्हा डोकं खिडकीवरच्या पाण्यानं पेटलेलं होतं. चालताबोलता माणूस हात सैल सोडतो तेव्हा अंगठे मांडीकडेच येतात. तसे ते तिच्या डोळ्यांना बरोबर दिसले, आणि डावा पंजा उजवीकडे गेला.

गप्प बसली असती तर आर्जियाची पोर आजच दुकानात बसली असती. झाइराला पोरीची दया अजिबात आली नाही. पण आपला सांगाडा भर सभेत खोटा उभा आहे, हे तिला बघवेना.

"लेखणी ठेवा," ती खेकसली. "आणि जरा मान वर करून बघा! पोर बरोबर बोलतेय. पंजे मी उलटे लावलेत."

गार्दिनींनी चष्मा पुसून पाहिलं. मग इल्देला तीसपैकी अठ्ठावीस गुण दिले आणि झाइराला तिथेच, सगळ्यांदेखत, पंजे बदलायला लावले.

"मी धरू का?" इल्देनं हळूच विचारलं.

"हात लावशील तर याद राख."

झाइरा घरी आली तेव्हा आर्जिया खिडकीत उभीच होती. चौकातल्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या.

"चेटकिणे! माझ्या पोरीला पाडायला मुद्दाम पंजे उलटे लावलेस ना? आणि पकडली जाशील म्हणून कबूल झालीस!"

झाइरानं तोंड उघडलं. मुद्दाम नव्हतं, चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. वर बघितलं तर चौक कान टवकारून उभा. झाइरा बोंदाव्हाल्लीच्या हातून हाड चुकलं, हे ऐकायला.

"हो, मुद्दाम!" ती ओरडली. "माझ्याकडून चूक होईल होय? आणि तुझे ते ओले कपडे दोरीवरून काढ आधी!"

आणि तिनं खिडकी धाडकन लावून घेतली.