शेवटचा तास रंगांचा

माझ्या थोरल्या जाऊबाई प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवतात. शाळेत नळ एकच. निम्मा तास हात आणि ब्रश धुण्यातच जातो. नळाशी झुंबड उडते, व्हरांड्यात रंगीत चिखल होतो आणि मुख्याध्यापिका ओरडतात, "बाई, हे काय चाललंय?" मग पोरं गेल्यावर जाऊबाईच गुडघे टेकून फरशी पुसतात.

सुट्टीत नव्या वर्षाचं नियोजन करायला बसल्या, तेव्हा पार थकलेल्या होत्या. "रंग बंद. यंदा नुसते खडू," म्हणाल्या.

माझी लेक त्यांच्याच शाळेत. ती म्हणाली, "खडूने नदी कशी काढायची, काकू? ती ओघळतच नाही."

जाऊबाईंनी वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी चित्रकला शनिवारी शेवटच्या तासाला लावली.

"शाळेत धुणं नाही. ब्रश घ्यायचे नि घर गाठायचं."

"अहो, म्हणजे आम्ही धुवायचं?" मी म्हटलं.

"तुझे गुडघे शाबूत आहेत ना अजून?"

आता दर शनिवारी लेक निळीहिरवी होऊन येते. मी देवाचं नाव घेत गणवेश घासते. जाऊबाई पलंगावर गाढ झोपलेल्या असतात. बादलीचा आवाजसुद्धा मी होऊ देत नाही.